आतून लागणारं झाकण

१

आमच्या घरी काम चालू असताना पंखा लावायचा नाही. खिडकी उघडायची नाही. शिंक आली तर उठून स्वयंपाकघरात जायचं आणि तिथे शिंकायचं. हसायचं तर अजिबात नाही. हे सगळे नियम ताईचे. पूर्वी कधी कोणी पाहुणे आले तर त्यांना वाटायचं, घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे, आणि अर्धा चहा टाकून ते काढता पाय घ्यायचे. ताईला त्याचं सोयरसुतक नसे. "दार आपटलं नाही ना जाताना?" एवढंच ती विचारायची.

आम्ही दोघी बहिणी वाळू निवडतो. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, म्हणून नीट सांगते. संग्रहालयातून समुद्रतळाच्या वाळूच्या पिशव्या येतात, धुतलेल्या आणि वाळवलेल्या. त्यातली चिमूटभर वाळू काळ्या तबकात पसरायची, मायक्रोस्कोपखाली धरायची आणि तिच्यातले शंख एकेक करून बाहेर काढायचे. हे शंख म्हणजे किनाऱ्यावर पोरं वेचतात ते नव्हेत. साखरेच्या कणाएवढे, काही त्याहूनही लहान. चिमट्यात धरले तर पीठ होतं. म्हणून बारीक ब्रश वापरायचा. ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं करायचं आणि शंखाला नुसतं टेकवायचं, की तो चिकटून वर येतो. तो औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये सोडायचा, आणि ब्रश पुन्हा ओठांत. उभा जन्म आम्ही समुद्राची वाळू चाखली, समुद्र मात्र दोघींपैकी एकीनंही पाहिलेला नाही.

एका खेपेच्या पिशवीत एक नवी जात निघाली. ताईच्याच तबकात. काचेसारखी आरपार दिसणारी, तोंडाशी एक बारीक तांबूस रेघ. आम्हाला काम देणारे संग्रहालयातले सर हरखून गेले. त्यांनी तिच्यासाठी भलंमोठं नाव ठरवलं. ते आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला कणी म्हणायला लागलो. कण्या बऱ्याच मिळाल्या, पण सगळ्या रिकाम्या. आतली गोगलगाय केव्हाच मेलेली, नुसतं घर शिल्लक. सरांना हवी होती झाकण असलेली. या गोगलगाईंच्या पायावर चकतीसारखं एक झाकण असतं. धोका वाटला की ती शंखात शिरते आणि जाता जाता झाकण आतून ओढून घेते. मेली, कुजली, की झाकण गळून पडतं. त्यामुळे झाकण लागलेला शंख मिळाला तर समजायचं, आत कोणीतरी होतं.

एके सकाळी तबक मांडायच्या आधी मी कण्यांची कॅप्सूल मायक्रोस्कोपखाली धरली. त्यातल्या एकीला झाकण लागलेलं होतं.

२

ताईला बोलावलं. तिनं वाकून पाहिलं.

"बरं झालं की," ती म्हणाली. "सर खूश होतील."

"काल नव्हतं गं झाकण."

"काल तू नीट बघितलं नसशील."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वयंपाकात मीठ पडायचं राहील, दाराला कुलूप लावायचं राहील, पण तबकातलं काही माझ्या नजरेतून सुटलं, असं आजवर झालेलं नाही. रिकाम्या कणीच्या तोंडातून आत पाहिलं की आतला वळत वर जाणारा जिना दिसतो. मला तो बघायला आवडायचा. आदल्या संध्याकाळी मी एकेक कणी फिरवून तो पाहिला होता. एकही बंद नव्हती.

पुढच्या काही दिवसांत आणखी कण्या बंद झाल्या. मी गप्प राहिले, कारण माझ्या मनात जे आलं होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी जातीची झाकणं घेऊन ताई ती कण्यांना डिंकानं चिकटवते आहे, असं मला वाटत होतं. सरांच्या डोळ्यांत धूळ फेकायची तर तिच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

मग मी एक कणी सुईनं आडवी केली आणि दिवा जवळ ओढला. कणीच्या तोंडाच्या आत एक कड असते, बाटलीच्या गळ्यासारखी. झाकण त्या कडेच्या पलीकडे होतं आणि कडेहून रुंद होतं. बाहेरून ते आत जाणंच शक्य नव्हतं. डिंकाचा मागमूस नव्हता. मी बराच वेळ पाहत राहिले. काच वाकडी दिसत असेल, उजेड चुकीचा पडत असेल, माझं वय झालं असेल, असं सगळं स्वतःला सांगून झालं. मग दिवा मालवला आणि भांडी घासायला गेले.

३

त्याच सुमारास ताईनं आवरतं घ्यायला सुरुवात केली.

आधी तिनं आपला मायक्रोस्कोप हॉलमधून तिच्या खोलीत नेला. एवढी वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत होतो. मान वर केली की तिचा भांग दिसायचा. आता समोर रिकामी खुर्ची. "हॉलमध्ये उजेड फार आहे गं," ती म्हणाली. उजेड तोच होता, खिडकीही तीच.

मग तिचं ताट खोलीत जायला लागलं. पुढे स्वयंपाकघरात येणंही बंद झालं. मी तिच्या गुडघ्यांना दोष दिला. एकदा मी केरसुणी घेऊन आत गेले, तर पलंग नव्हता. मी बाजारात गेले असताना तिनं तो रखवालदाराच्या बायकोला देऊन टाकला होता. कपाट भिंतीपासून ओढून तिरपं केलेलं, टेबल त्याला लावून आडवं, त्यापुढे ट्रंक. त्या सगळ्याच्या आड कोपऱ्यात जेमतेम एका माणसापुरती जागा होती. तिथे तिचं अंथरूण घातलेलं होतं. तिथपर्यंत पोहोचायचं तर सामानाला वळसा घालून, अंग चोरून जावं लागत होतं.

"हे काय मांडलंयस?"

"एवढी मोठी खोली कशाला लागते?" ती अंथरुणात पाय पोटाशी घेऊन बसली होती. "उगीच वारा खेळतो."

खिडकी बंद होती. वाऱ्याचा प्रश्नच नव्हता.

दुपारी मी हॉलमध्ये काम करत बसले की भिंतीपलीकडून एक आवाज यायचा. ओल्या ताटावर नख ओढल्यासारखा, बारीक, सलग. भिंतीला कान लावला की थांबायचा. मी खुर्चीत येऊन बसले की पुन्हा सुरू व्हायचा. तो एकटेपणाचा खेळ असेल, कान वाजत असतील, असं मला वाटायचं. पण कान वाजतात तेव्हा माणूस उठला म्हणून ते थांबत नाहीत.

४

झाकण लागल्याचं कळल्यावर सर स्वतः आले. हॉलमध्ये उभ्या उभ्याच त्यांनी कण्या पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा झाला. कॅप्सूल खिशात घालायला निघाले, तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला.

"आत्ता नका नेऊ, सर. अजून थोड्या होऊ देत."

होऊ देत म्हणजे काय, हे सरांनी विचारलं नाही. मोठी माणसं आनंदात असली की फार प्रश्न विचारत नाहीत. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथे त्यांनी आवाज खाली आणला.

"धाकट्या बाई, तुमच्या जोडीला मी एक माणूस बघतोय. ताईंनी सांगून ठेवलंय. 'मी गेल्यावर धाकटीला एकटीला झेपायचं नाही,' म्हणाल्या."

"कुठे गेल्यावर?"

ते गोंधळले. "तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं. ताई जाणार आहेत ना? मी विचारलं, तर म्हणाल्या, जागा लहान आहे, पण एकटीला पुरते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्याकडची निवडणारी माणसं काही टिकत नाहीत. याआधी, या कण्या निघाल्या तशाच एका पिशवीवर एक म्हातारे गृहस्थ काम करत होते. तेही असेच गेले. निरोपसुद्धा घेतला नाही."

ते जिना उतरून गेले. मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. मला राग आला नव्हता. तो यायला थोडा वेळ लागला.

५

फार वर्षांपूर्वी एक छापखान्यातला माणूस होता. प्रुफं तपासायचा. आमच्या इमारतीसमोर राहायचा, मला बघून उगीच छत्री उघडायचा आणि मिटायचा. त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं तेव्हा त्यानं मला सोबत येशील का, म्हणून विचारलं. मी हो म्हणणार होते. जीभ उचलली होती. ताईला सांगितलं, तर ती त्या दिवशी तबकासमोर बसली आणि तिनं एकही शंख उचलला नाही. संध्याकाळी म्हणाली, "तू गेलीस तर मी कोणाशी बोलू?" मग माझा हात धरून म्हणाली, "आपण कुठेच जायचं नाही. आणि गेलो, तर दोघी."

मी राहिले. छत्री पुन्हा उघडली नाही. मला त्याचं दुःख झालं, पण मी ते उगाळत बसले नाही, कारण 'दोघी' हा शब्द माझ्याकडे होता. त्या एका शब्दावर मी केस पिकवले.

आणि आता ती जाणार होती. कुठे, ते सांगणार नव्हती. ताकास तूर लागू न देता परक्या माणसाजवळ माझी सोय लावून मोकळी झाली होती. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता, आणि वर माझ्या काळजीचं सोंग.

मी तिच्या खोलीत गेले, सामानाला वळसा घातला. ती कोपऱ्यात मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. मायक्रोस्कोपही आता जमिनीवरच होता.

"ताई, तू कुठे जाणार आहेस?"

"मी? कुठे जाणार मी?"

"सर बोलले."

"सरांना काय, उचलली जीभ." तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडे बघून सांग."

तिनं पाहिलं. तिचा चेहरा गुळगुळीत झाला होता, सुरकुत्या कुणी पुसून काढल्यासारखा. मला ते अजिबात आवडलं नाही. "तुला बंद जागा सोसत नाही ना गं?" तिनं विचारलं. "न्हाणीघराचं दारसुद्धा तू कधी पूर्ण लावत नाहीस."

"त्याचा इथे काय संबंध?"

आणि ताई हसली. समोर तबक उघडं होतं, त्यात वाळू होती, आणि ती मनापासून हसली. वाळू उडाली. तिनं त्याकडे पाहिलंही नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये कण्यांची कॅप्सूल उघडली. एक सोडून सगळ्या बंद झाल्या होत्या. मी ठरवलं, या फसवणुकीचा सोक्षमोक्ष लावायचा. ताईनं सरांसाठी बनावट झाकणं बसवली असतील, त्या बदल्यात सरांनी तिला कुठे जागा दिली असेल, तर ते उघड करायचं. एक बंद कणी तबकात ठेवली आणि सुईच्या टोकानं दाबली. तिला तडा गेला.

ती कोरडी असायला हवी होती. संग्रहालयाच्या भट्टीत वाळवलेली वाळू ती. पण तड्यातून पाणी आलं, सुईच्या टोकाएवढा थेंब. झाकण हललं का? मला तसं वाटलं, पण ते सुईच्या धक्क्यानंही हललं असेल. थेंब टिपायला मी ब्रश टेकवला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, काही कळायच्या आत, ब्रश ओठांत धरला.

पाणी खारट होतं. त्याचं मला नवल वाटलं नाही. लक्षात राहिलं ते हे की, ते कोमट होतं.

भिंतीपलीकडचा आवाज थांबला होता. मी अजून खुर्चीतच होते.

"काय केलंस?" ताई आतून म्हणाली. ओरडून नाही. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की ती विचारायची, तितक्याच आवाजात.

तबकातलं ते ओलं पीठ मी कापसानं पुसून घेतलं आणि कापूस खिडकीतून टाकला. आमच्या घरात काम चालू असताना खिडकी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. कॅप्सूलमध्ये परत पाहिलं, तर ती एक उघडी राहिलेली कणी तिथे नव्हती. टेबल, जमीन, माझा पदर, सगळं तपासलं. मग लक्षात आलं की, सकाळी मी दूध आणायला गेले होते तेव्हा ताई हॉलमध्ये येऊन ती घेऊन गेली असणार, कारण तिची खुर्ची सरकलेली होती. मी कॅप्सूल उघडली तेव्हा ती एक उघडी कणी खरोखर पाहिली होती, की असेलच म्हणून नुसती धरून चालले होते, हे आता मला शपथेवर सांगता येणार नाही.

संध्याकाळी तिच्या दारात ताट ठेवलं. कडी आतून लागण्याचा आवाज ऐकला.

७

सकाळी ताट तसंच होतं.

मी हाका मारल्या. दार वाजवलं. शेजारच्या शिंपिणीनं दारातून डोकं काढून विचारलं, "मोठ्या बाई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, झोपली असेल. ती मान हलवत आत गेली. दुपारपर्यंत मी तेच स्वतःला सांगत होते. मग कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला घेऊन आले.

त्यानं दाराला खांदा लावून पाहिला. "बाई, हे कुलूप नाही, आतून कडी आहे. आत कोण आहे?"

"माझी बहीण."

"बोलत नाही?"

"रुसली असेल," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

फटीतून पोलादी पट्टी घालून त्यानं कडी हळूहळू सरकवली. ती खाली पडल्याचा आवाज झाला, दार उघडलं. तो पुढे गेला, सामानाला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. कपाट उघडलं, ट्रंक उघडली, माणूस मावणार नाही असे खणसुद्धा ओढून पाहिले. खिडकीला गज होते आणि ती आतून बंद होती. खाली तीन मजले.

"इथे कोणी नाही हो," तो म्हणाला.

"कडी आतून होती ना?"

"होती. मीच काढली." त्यानं पट्टी पुसली, पिशवीत टाकली, पुन्हा बाहेर काढून पुसली. "बाई, घरात दुसरं कोणी मोठं माणूस आहे का?"

"नाही. मीच."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं जरा घाईची वाटली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

८

मी अंग चोरून कोपऱ्यात गेले. माझा श्वास कोंडत होता, तरी गेले. अंथरुणाची घडी घातलेली होती. तिच्यावर ताईचे कालचे कपडे, तेही घडी करून. त्यावर तिचा चष्मा. जमिनीवर मायक्रोस्कोपचा दिवा चालू होता, आणि त्याच्याखालच्या तबकात वाळू नव्हती. एक कणी होती.

हातावर तुरी देऊन गेली, असं लोक म्हणतात. मला तसं म्हणता येईना. ती गेली होती, पण घराबाहेर पडली नव्हती. मी तिथेच गुडघ्यावर बसले, आणि मला रडू आलं ते भीतीनं नाही. भीती होती. पण भीतीच्याही वर एक गोष्ट होती. तिनं मला विचारलंसुद्धा नव्हतं. मला बंद जागा सोसत नाही, हे तिनंच ठरवलं. मी सोसली असती. तिच्याबरोबर मी कुठल्याही अडचणीच्या जागेत राहिले असते, इतकी वर्षं दुसरं काय केलं होतं? माझं तारुण्य तिनं 'दोघी' म्हणून ठेवून घेतलं, आणि वेळ आली तेव्हा एकटीपुरती जागा शोधली.

डोळे पुसले आणि मायक्रोस्कोपवर वाकले.

कणीचं झाकण पूर्ण लागलेलं नव्हतं. एका बाजूनं फट होती. त्या फटीत काहीतरी फिकट, ओलसर होतं, आणि ते हळूहळू हलत होतं. घरात नुकतंच राहायला आलेलं माणूस भिंतींना हात लावून बघतं, तसं. मग ते फटीशी आलं आणि तिथे थांबलं. तो डोळा होता, असं मी म्हणणार नाही. पण त्या फटीतून माझ्याकडे बघितलं जात होतं, आणि कोण बघतं आहे, हे मला सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं मी त्या नजरेसमोर बसले होते.

जवळ तिचाच ब्रश पडला होता. मी त्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि कणीच्या तोंडाला टेकवलं, शक्य तितक्या हलक्या हातानं.

"ताई," मी म्हणाले. "मी आहे गं. दुसरं कोणी नाही, मीच आहे."

आतलं हलणं थांबलं. तिनं ऐकलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती क्षणभर तशीच थांबली, आणि मग तिनं झाकण ओढून घेतलं.